मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड बदलता येईल असा लॅपटॉप आता मिळतो का? (फोंडा, गोवा)

रंगपट

नमस्कार मंडळी,

माझं काम नाटकाच्या नेपथ्याचं आणि शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) चित्ररथांचं. आधी ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये) अख्खा देखावा उभा करायचा, प्रकाश टाकून बघायचा, मग लॅपटॉप उचलून मांडवात न्यायचा आणि सुतार, वेल्डर, रंगारी सगळ्यांना चारी बाजूंनी फिरवून दाखवायचा. रात्री काम आटोपलं की त्याच मशीनवर भावाबरोबर गेम. 'डेस्कटॉप घे' असं सांगणाऱ्यांना आधीच विनंती, मांडवात डेस्कटॉप नेता येत नाही.

सध्याचं मशीन क्लेव्हो पी१५०ईएम, २०१२ च्या पिढीतलं. मामेभावाने दुबईहून आणलं होतं. त्यात प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, रॅमला चार स्लॉट आहेत आणि ग्राफिक्स कार्ड एमएक्सएम प्रकारचं, म्हणजे मदरबोर्डपासून वेगळं काढता येणारं. मूळ कार्ड जीटीएक्स ६७५एम होतं. पुढे मी सेकंडहँड ९७०एम मिळवून घरीच बसवलं. तळाचं झाकण काढायचं, हीटसिंकचे स्क्रू थोडे थोडे करत सैल करायचे, कार्डाचे दोन स्क्रू काढले की ते रॅमच्या पट्टीसारखं तिरकं वर येतं. नवीन कार्ड तसंच तिरकं खोचून खाली दाबायचं, मेमरी चिपांवर थर्मल पॅड, मधल्या चिपवर पेस्ट, झालं. ड्रायव्हर मात्र सरळ बसत नाही, कारण या मॉडेलात ते कार्ड कधी विकलंच गेलं नव्हतं. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (चालणाऱ्या कार्डांची यादी असते तिथे) कार्डाचा नंबर स्वतः लिहावा लागतो. पण त्यानंतर रेंडरचा (देखाव्याचं अंतिम चित्र काढायचा) वेळ निम्म्याच्याही खाली आला आणि मशीनला नवं आयुष्य मिळालं.

यंदाच्या पावसाळ्यात ते रुसलं. रेंडर लावला की थोड्या वेळाने पडदा काळा होतो आणि पंखे पूर्ण वेगाने सुटतात. उघडून पाहिलं तर कार्डाच्या सोनेरी दातांवर हिरवट थर. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर काही दिवस नीट चाललं, मग पुन्हा तेच. एका दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच 'बोर्ड गेला, नवीन घ्या' असं सांगितलं. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. एनव्हिडियाने मॅक्सवेल पिढीच्या (माझं ९७०एम त्यातलंच) कार्डांचे नियमित गेम ड्रायव्हरही थांबवले. म्हणजे आज ना उद्या बदलावंच लागणार.

आता माझी खरी अडचण. आमच्या धंद्यात पैसा हंगामाने येतो. दिवाळीनंतर जत्रांतली नाटकं सुरू होतात, तेव्हा थोडा. शिगमा झाला की थोडा. मधले पावसाळ्याचे महिने जवळजवळ कोरडे. जुन्या मशीनचं मला सोसलं ते यामुळेच. एका हंगामात रॅम, पुढच्या हंगामात एसएसडी, त्याच्या पुढे कार्ड. एकदम लाख-सव्वा लाख कधी काढावेच लागले नाहीत. आज जे काही बघतोय त्यात ग्राफिक्स चिप बोर्डावरच डकवलेली (सोल्डर केलेली) आणि तिची मेमरीही. २०१६ च्या लॅपटॉपमधल्या जीटीएक्स १०७० ला ८ जीबी मेमरी होती. २०२५ च्या लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ५०७० लाही ८ जीबीच आहे. चित्ररथाच्या मोठ्या सीनमध्ये ती भरते आणि रेंडर तिथेच कोसळतो. ८ जीबीवाला घ्यायचा आणि पुढची पाच-सहा वर्षं त्यातच अडकून राहायचं, हे मनाला पटत नाही.

तर जाणकारांनी सांगावं: कार्ड बदलता येणारा लॅपटॉप आज कोणी बनवतं का? बनवत नसतील तर का नाही? आणि माझ्यासारख्याने काय घ्यावं?

---

मांडवीकाठ

रंगपटबाब, 'का नाही' एवढ्यापुरतं सांगतो, कारण हा ऱ्हास मी जवळून पाहिलाय.

इंटेलचे लॅपटॉपसाठीचे सॉकेटवाले प्रोसेसर २०१३ च्या हॅसवेल पिढीबरोबर संपले, नंतरचे सगळे डकवलेले. एमएक्सएम थोडं जास्त तगलं, पण एनव्हिडियाच्या पास्कल पिढीपासून, म्हणजे २०१६ पासून, प्रत्येक कंपनीने कार्डाचा आकार आणि स्क्रूची भोकं आपापल्या सोयीने बदलली. कनेक्टर तोच, पण एकाचं कार्ड दुसऱ्याच्या हीटसिंकखाली बसेना. मग त्या मानकाला अर्थ काय राहिला? दुसरीकडे गिऱ्हाइकाला पातळ लॅपटॉप हवा होता. कनेक्टर, वेगळी कार्डपट्टी, तिच्यावर हीटसिंक, हे सगळं जाडी वाढवतं. आज वरच्या श्रेणीतली ग्राफिक्स चिप लॅपटॉपमध्ये १७५ वॉटपर्यंत खाते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांवरून एकच उष्णतावाहक नळ्यांचा संच फिरवला की पातळ खोक्यात ते जमतं. पण मग तो संच त्या एकाच बोर्डासाठी बनलेला असतो.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २०१९ चा एलियनवेअर एरिया-५१एम आठवतो? डेस्कटॉपचा प्रोसेसर, काढता येणारं कार्ड, जाहिरातीत अपग्रेडचाच गाजावाजा. पण कार्डाचा आकार एमएक्सएम नव्हता, डेलचा स्वतःचा होता. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती आली ती नव्या सॉकेटसह. पहिल्या मशीनला पुढच्या पिढीचं कार्ड मिळालंच नाही. २०२१ मध्ये त्यावरून अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला. मला यातून एवढंच दिसतं की कार्ड निघतं की नाही याला महत्त्व नाही. पुढचं कार्ड कोण बनवणार, ते आधी विचारावं.

---

खाजन

मांडवीकाठ यांना +१. मी रॅमबद्दल लिहिते, कारण तिथेही हेच चाललंय आणि ते लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. एसुसच्या झेफिरस जी१४ मध्ये २०२३ पर्यंत रॅमचा एक स्लॉट तरी होता, २०२४ पासून सगळी रॅम डकवलेली. एलपीडीडीआर५एक्स रॅम प्रोसेसरच्या अगदी शेजारी ठेवली की वेग वाढतो आणि बॅटरी कमी खर्च होते, हे खरं आहे. त्यावर उतारा म्हणून कॅम२ नावाचं मानक डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं, स्क्रूने बसवायची सपाट रॅम. २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये ती आलीही. पण गेमिंग लॅपटॉप घ्यायला दुकानात जाल तर ती दिसणार नाही.

कार्ड बदलता येणारा म्हणावा असा मला एकच माहीत आहे, फ्रेमवर्क लॅपटॉप १६. मागच्या बाजूने ग्राफिक्सचा अख्खा मॉड्यूल निघतो. २०२४ मध्ये रेडिऑन आरएक्स ७७००एस सह आला आणि २०२५ मध्ये त्याच सांगाड्यात बसणारा आरटीएक्स ५०७० चा मॉड्यूल त्यांनी जाहीर केला. म्हणजे पुढचं कार्ड खरंच आलं! पण तोही ८ जीबीचाच, आणि कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही. बाहेरून कोणाकरवी आणला तर बिघाड झाल्यावर पाठवायचा कुठे, हा प्रश्न उरतोच.

दादा, तुमच्या हंगामी हिशेबात एक गोष्ट धरा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. 'रॅम पुढे वाढवू' हा नेहमीचा सल्ला सध्या तेवढा स्वस्तात पडत नाही.

---

झुआरी_पलीकडे

मी बाहेरचं ग्राफिक्स कार्ड वापरतो, त्याचा अनुभव सांगतो. लॅपटॉपला दोन एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायच्या जागा) असतील तर दुसऱ्यातून ऑक्युलिंकची (बाहेरचं कार्ड जोडायची) केबल बाहेर काढता येते. पीसीआयई ४.० च्या चार लेन मिळतात, थंडरबोल्ट ३ आणि ४ पेक्षा वेग बरा. त्यावर डेस्कटॉपचं १६ जीबीचं कार्ड, वेगळा पॉवर सप्लाय, सगळं घरी टेबलावर. मांडवात जाताना केबल काढायची (लॅपटॉप बंद करून, चालू असताना अजिबात नाही) आणि नुसता लॅपटॉप न्यायचा. तिथे तुम्ही देखावा फिरवूनच दाखवणार, शेवटचा रेंडर घरीच होणार ना? ब्लेंडरच्या रेंडरमध्ये सीन एकदा कार्डात गेला की केबलचा अडसर फारसा जाणवत नाही. गेममध्ये थोडा फटका बसतो, विशेषतः चित्र परत लॅपटॉपच्याच पडद्यावर आणलं तर. बाहेरचा मॉनिटर लावा.

तळाच्या झाकणातून केबल काढायला मी पट्टीएवढी खाच कापली आहे. तसं केलं की वॉरंटी गेली समजा.

आणि गोव्यात कुठलंही मशीन असो, जून ते सप्टेंबर कपाटात बंद ठेवू नका. वापरात असलेलं मशीन गरम राहतं, ओल धरत नाही. ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. आमच्याकडे नदीकाठी तर महिनाभरात पोर्ट गंजतात.

---

रंगपट

सगळ्यांचे मनापासून आभार. मांडवीकाठ, एरिया-५१एम एक मिळत होता सेकंडहँड, मी जवळजवळ बोलणी केली होती. थांबवली.

झुआरीबाब, तुमची युक्ती माझ्या हंगामाच्या गणितात बसते असं वाटतंय. आधी साधासा लॅपटॉप, दोन रॅम स्लॉट आणि दोन एम.२ असलेला. रॅम जेवढी आहे तेवढ्यावर यंदा भागवायचं. जत्रांचे पैसे आले की पॉवर सप्लाय आणि डॉक (बाहेरचं कार्ड बसवायचा), शिगम्यानंतर १६ जीबीचं कार्ड. कार्ड डेस्कटॉपचं असल्यामुळे पुढे विकता येईल, बदलता येईल, कुठल्या एका कंपनीच्या आकारात अडकायला नको. मला हवं होतं ते एवढंच. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. फोंड्यात संध्याकाळी वीज हमखास लपंडाव खेळते, रेंडर चालू असताना बाहेरच्या कार्डाची वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला तर काय होतं? नुसतं ब्लेंडर बंद पडतं की मशीनच अडकतं? आणि त्या पॉवर सप्लायला किती क्षमतेचा यूपीएस लावलात?

खाजनताई, कॅम२ बद्दल पहिल्यांदाच कळलं, वाखु (वाचनखूण) साठवली.

जुनं क्लेव्हो मी टाकणार नाही. स्लॉट पुन्हा एकदा नीट साफ करून लिनक्सवर चालवून बघतो, नेपथ्याची नवीन पोरं शिकायला येतात त्यांना मॉडेलिंगपुरतं पुष्कळ आहे. गोव्यात किंवा सावंतवाडी-बेळगाव पट्ट्यात कोणाकडे पी१५०ईएमचा बंद पडलेला सांगाडा असेल आणि त्याचा एमएक्सएम स्लॉट शाबूत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.