थेट रॉल्सपासून सुरुवात केल्यास काय निसटते?
आधुनिक राजकीय व नैतिक विचार विद्यापीठात शिकताना थेट विसाव्या शतकातील अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्यापासून सुरुवात करावी, सतराव्या शतकात (म्हणजे हॉब्ज, लॉक या इंग्रज विचारवंतांकडे) शिरण्याचे कारण नाही, असे एक मत मांडले जाते. ते मला अर्धेच पटते. रॉल्स यांचा १९७१ सालचा न्यायाचा सिद्धान्त म्हणजे लॉक, रूसो आणि कांट यांची सामाजिक कराराची कल्पना (राज्यसत्ता लोकांच्या परस्पर संमतीवर उभी असते, हा विचार) अधिक अमूर्त पातळीवर नेण्याचा प्रयत्न आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १९७४ मध्ये त्यांना उत्तर देणारे अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक तर लॉकच्या निसर्गावस्थेपासूनच (म्हणजे राज्यसत्ता नसलेल्या कल्पित स्थितीपासूनच) निघतात. त्यामुळे हा करारवाद न वाचलेल्या विद्यार्थ्याला ‘अज्ञानाचा पडदा’ ही रॉल्स यांची कल्पना केवळ चतुर युक्ती वाटते. आपले सामाजिक स्थान, संपत्ती, बुद्धिमत्ता ठाऊक नसताना माणूस कोणत्या नियमांना संमती देईल, हा त्यामागचा प्रश्न त्याच्या ध्यानात येत नाही. क्रम उलटा ठेवायला हरकत नाही (मी स्वतः एकोणिसाव्या शतकातील इंग्रज विचारवंत मिल यांच्याकडून मागे हॉब्जकडे गेलो). मात्र केवळ सारांशावर विसंबू नये. मिल यांचे १८५९ सालचे हानीचे तत्त्व (इतरांची हानी टाळण्यासाठीच व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर बंधन घालता येते) सारांशात एका ओळीत संपते, परंतु हानी नेमकी कशाला म्हणावे यासाठी ते पानेच्या पाने खर्ची घालतात, आणि खरा वाद तिथेच आहे.