मदत हवी आहे : ओझरहून रोज पाच फेऱ्या, विमानं दोन लागतील की चार?

गंगापूररोडकर :
नमस्कार मंडळी. एमबीएच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प करतेय. ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, तळ असलेली एक काल्पनिक छोटी विमान कंपनी, सगळी विमानं एटीआर ७२ (पंख्यांची छोटी प्रवासी विमानं), रोजच्या पाच जाऊन-येऊन फेऱ्या. किमान किती विमानं लागतील, एवढंच काढायचंय. वेळा माझ्या मीच ठरवल्यात, कुठल्याही खऱ्या कंपनीच्या नाहीत. नाशिकहून सुटणार आणि नाशिकला परत टेकणार, असं वाचा :

अहमदाबाद ७.०० – १०.१०
नागपूर ७.३० – ११.३०
गोवा १०.१५ – १४.१५
हैदराबाद १०.३० – १४.५०
अहमदाबाद १७.३० – २०.४०

पलीकडच्या विमानतळावरची ३० मिनिटं यातच धरलीत. नाशिकला परत आल्यावरही पुढच्या उड्डाणाआधी ३० मिनिटं हवीत.

उड्डाणाचा आणि जमिनीवरचा सगळा वेळ मिळून २१ तास १० मिनिटं होतात. कामाचा दिवस १४ तासांचा धरला तर भागाकार दीड, म्हणजे दोन विमानं. पण आलेखकागदावर पट्ट्या काढल्या की साडेदहाला चार विमानं लागताना दिसतात. अहवालात कुठला आकडा लिहू? सरांना एक्सेलमध्ये पद्धत दाखवायचीय, तयार सॉफ्टवेअर चालणार नाही.

मुक्कामी_गाडी :
दोन्ही लिहा, पण त्यांचा अर्थ वेगळा. दोन म्हणजे खालची मर्यादा, त्याच्या खाली जाताच येणार नाही. चार म्हणजे *या* वेळापत्रकाची गरज. भागाकाराला घड्याळ कळत नाही हो. दुपारी चार वाजता रिकामं उभं असलेलं विमान सकाळी साडेदहाच्या प्रवाशांच्या काय कामाचं?

एक्सेलमध्ये असं करा. नाशिकच्या सगळ्या घटना वेळेप्रमाणे एकाखाली एक लावा. उड्डाण असेल तर अधिक एक. उतरणाऱ्या विमानाची वेळ ३० मिनिटांनी पुढे ढकला (ते तेव्हाच पुन्हा वापरता येतं) आणि तिथे उणे एक. चालू बेरीज करत जा, तिचा सर्वांत मोठा आकडा म्हणजे नाशिकची तूट. तुमची ७.०० ला १, ७.३० ला २, १०.१५ ला ३, १०.३० ला ४ होते. अहमदाबादचं विमान सुटं होतं १०.४० ला. दहा मिनिटांनी हुकलं!

हेच प्रत्येक विमानतळासाठी करायचं आणि सगळ्यांच्या कमाल तुटींची बेरीज घ्यायची. तो झाला किमान ताफा. तुमच्याकडे प्रत्येक विमान नाशिकहून निघून तिथेच परत येतंय, म्हणून बाकी ठिकाणी शून्य. उद्या एखादं विमान हैदराबादला मुक्कामी ठेवलंत तर तिथे एक मांडावा लागेल. मात्र दिवसअखेर प्रत्येक ठिकाणची ये-जा सारखी आली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी विमान नको त्या गावी उभं असेल.

आता सोपा उपाय. गोवा १०.१५ ऐवजी १०.४५ ला सोडा, अहमदाबादहून आलेलं विमान मिळेल. हैदराबाद १२.०५ ला सोडा, नागपूरचं विमान १२.०० ला मोकळं होतंय. झाली दोन विमानं. मी एसटीत वाहतूक शाखेत होतो, आमच्याकडे गाड्या अशाच बसवायचे. विमानांसाठी वेगळं शास्त्र असेल असं वाटायचं, पण मूळ गणित सारखंच आहे. १९५४ साली डान्झिग आणि फुल्करसन या गणितज्ञांनी ठरलेल्या वेळापत्रकाला किमान तेलवाहू जहाजं किती लागतील, हाच प्रश्न सोडवला होता. अहवालात तेवढा उल्लेख टाका.

हँगरवाला :
काकांची रीत चोख आहे, पण दोन विमानांचं हे वेळापत्रक कागदावरच चालेल. गोवा आणि हैदराबाद दोन्हीकडे हाती फक्त पाच मिनिटं उरतात. सकाळचं अहमदाबाद वीस मिनिटं उशिरा आलं की गोवाही किमान पाव तास उशिरा सुटणार.

ताई, जाता-येता उड्डाणाचा वेळ तुम्ही सारखाच धरलेला दिसतोय. ब्लॉक टाइम म्हणजे चाकांचे ठोकळे निघाल्यापासून परत लागेपर्यंतचा वेळ, टॅक्सिंगसकट. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो, तेव्हा नागपूरला जाताना वेळ वाचतो आणि येताना तोच अंगावर येतो. शिवाय सरासरी धरलीत तर साधारण निम्मी विमानं उशिरा पोचणार. थोडा वाढवून धरा, आणि मग तूट पुन्हा मोजा.

वैमानिकांचं कोष्टक वेगळं ठेवा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या अहमदाबादला एकच विमान लावलंत तर ते ७.०० ते २०.४० चालेल, पण वैमानिकांची एकच जोडी दिवसभर बसवता येणार नाही. आणि ओझरची धावपट्टी एचएएलची (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) आहे, त्यामुळे विमानतळाचे वॉच अवर्स, म्हणजे तो चालू असण्याच्या वेळा, आधी बघा. तुमचे १४ तास त्यात बसले पाहिजेत. हैदराबादचा स्लॉटही (उतरायची-सुटायची नेमून दिलेली वेळ) मागाल त्या वेळेला मिळेलच असं नाही.

गंगापूररोडकर :
दोघांचेही मनापासून आभार. तुटीचा तक्ता जमला, चारच आले, आणि वेळा सरकवल्यावर दोन. पण हैदराबाद बाराला नेलं तर तिथून दुपारची पुढची विमानं पकडणारे प्रवासी जातील. ते १०.३० लाच ठेवून फक्त गोवा सरकवलं तर तीन येतात. तिसरं विमान घेणं योग्य ठरेल का?

हँगरवाला :
पाच फेऱ्यांसाठी नाही. तुमचे एकूण ब्लॉक तास १६ तास १० मिनिटं. दोन विमानांत वाटले तर प्रत्येकी आठ तासांच्या वर, एटीआरला ठीक आहे. तीन विमानांत साडेपाचही भरत नाहीत, आणि भाडेकराराचा हप्ता विमान उडो न उडो, दर महिन्याला जातो.

पण नागपूरचं विमान बारापासून संध्याकाळपर्यंत मोकळं राहील, हैदराबादचं १५.२० नंतर. तिथे इंदूरसारख्या एक-दोन जवळच्या फेऱ्या बसवा आणि मग हिशोब करा. दुसरं म्हणजे, दोनच विमानं असताना एक एओजी झालं, म्हणजे बिघडून जमिनीवर अडकलं, तर निम्मं वेळापत्रक रद्द. मोठ्या कंपनीत पन्नास विमानांमागे एखाददुसरं राखीव परवडतं, तुमच्याकडे तेच एक ताफ्याचा तिसरा हिस्सा होतं. म्हणून तिसऱ्याचा खर्च निव्वळ हैदराबादच्या प्रवाशांवर टाकू नका. त्यात रद्द फेऱ्यांचा वाचलेला तोटाही धरा.

मुक्कामी_गाडी :
आणि सरांना दोन, तीन, चार असे तिन्ही आकडे त्यांच्या वेळापत्रकांसकट दाखवा. कुठली फेरी किती मिनिटं सरकवल्यावर एक विमान वाचतं, तो तक्ता पहिल्या पानावर टाका. तोंडी परीक्षेत विचारणार तेच.