"त्यांना सगळं माहीत होतं": फसवणुकीचे आणि थोडक्यात बचावल्याचे अनुभव

सासूबाई कोथरूडला राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यात. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. गुडघ्यांमुळे बँकेत जाणं लांबत होतं, तेवढ्यात फोन आला. "ट्रेझरीतून बोलतोय. बाई, तुमचा दाखला अजून आलेला नाही, पेन्शन अडकेल." समोरच्याने त्यांचं पूर्ण नाव, निवृत्तीचं वर्ष, बँकेची शाखा आणि पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर न अडखळता सांगितला. सासूबाईंनी कपाटातून फाइल काढून नंबर ताडून पाहिला. बरोबर निघाला. मग त्यांनी ओटीपी सांगितला आणि 48 हजार रुपये गेले.

मला जास्त लागलं ते पुढचं. दोन दिवस त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. जेवण कमी झालं, फोन वाजला की दचकायच्या. आम्हाला वाटलं बीपी वाढलंय. "एवढी शिकलेली बाई, असं म्हणाल," म्हणून गप्प राहिल्या. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावला तो तिसऱ्या दिवशी. तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरून बहुतेक काढले गेले होते.

त्यांनी शहानिशा केली होती, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. फक्त, नंबर बरोबर म्हणजे माणूस खरा असं त्यांनी धरलं. आपली माहिती किती ठिकाणी सांडलेली असते, हे त्यांना कुठून कळणार? म्हणून हा धागा. तुमच्या बाबतीत काय झालं, समोरच्याला काय माहीत होतं, ते कुठून गेलं असावं, हे सविस्तर लिहा. दुकानाचं, बँकेचं नाव नको. खाते क्रमांक तर अजिबात नकोत.

वारजेहून

तुमच्या सासूबाईंना सांगा, मी संगणकावरच काम करतो आणि तरी फसलो. जुना लाकडी पलंग विकायला टाकला होता. गिऱ्हाईक गोड बोललं, घासाघीस नाही, "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील." स्कॅन केला, पिन टाकला, 9,500 गेले. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी एका हाताने लेकीचा डबा भरत होतो.

बायकोने लगेच 1930 लावला. त्यांनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, बँक आणि रक्कम विचारली, म्हणून बँकेचा मेसेज समोर ठेवूनच फोन करा. वीस मिनिटांच्या आत तक्रार गेली, म्हणून रक्कम पुढच्या खात्यात गोठली. कोर्टाचा आदेश होऊन हातात यायला काही महिने लागले, पण आली.

सदाशिव पेठेतून

माहिती कुठून जाते, त्याबद्दल लिहिते. मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाची कागदपत्रं छापायला अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात गेले होते. ही गर्दी. भिंतीवर नंबर लावलेला, त्यावर सगळ्यांनी फाइल पाठवायची. माझी पाळी आली तेव्हा स्क्रीन दिसला. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये रांगच्या रांग: "आई आधार", "पप्पा पॅन नवीन", "पासबुक पहिलं पान", कुणाचा तरी जातीचा दाखला. आदल्या आठवड्यातल्याही फाइली तशाच. दुकानदार भला माणूस आहे, त्याच्या मनात काही नसणार. पण त्या खुर्चीवर दिवसभरात कोण कोण बसतं?

मी समोर उभं राहून माझ्या फाइली काढायला लावल्या, रीसायकल बिनमधूनसुद्धा. मागचे लोक वैतागले, वैतागू देत. आता मास्क्ड आधारच देते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. शिवाय आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवलंय.

हडपसरहून

कुरिअरवाल्याचा फोन. पार्सल खरंच यायचं होतं, त्यामुळे संशयच आला नाही. "पत्ता सापडत नाही, डिलिव्हरी बॉयशी बोला, हे डायल करा." *401* आणि पुढे दहा आकडी नंबर. मी केलं. त्याने माझे सगळे कॉल तिकडे वळले, आणि ओटीपी फोनवरून ऐकून त्यांनी माझं व्हॉट्सॲप उघडलं. अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाने मेसेज: "आई ॲडमिट आहे, 15 हजार पाठवा." दोन शेजाऱ्यांनी पाठवलेही. त्यांचे पैसे मी फेडले.

##002# डायल केलं की वळवलेले सगळे कॉल रद्द होतात. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर आज एकदा करून बघाच.

लक्ष्मी रोडवरच्या खरेदीबद्दल

कपड्यांच्या बिलासाठी मोबाइल नंबर मागितला. नाही म्हटलं तर "सिस्टिम पुढे जात नाही." ग्राहक व्यवहार मंत्रालयाने 2023 च्या मे महिन्यात सांगितलंय की नंबरासाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करायची नाही. तेवढं शांतपणे म्हटलं, बिल निघालं.

धायरीहून

घरासाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा कळलं की माझ्या पॅनवर कुठल्याशा ॲपवरून घेतलेलं एक छोटं कर्ज आधीच आहे, तेही थकलेलं. मी आयुष्यात त्या ॲपचं नाव ऐकलं नव्हतं. मिटवण्यात चार महिने आणि फ्लॅटचं बुकिंग गेलं. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मी कधी मागवलाच नव्हता. त्याच वेळी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहिलं, तर माझ्या नावावर दोन अनोळखी सिम चालू. तिथेच "हा नंबर माझा नाही" असं नोंदवता येतं.

बिबवेवाडीहून

मामेभावाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली, फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे पत्रिका नव्हे, फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. लग्नसराई होती, उघडायला बोट गेलंच होतं. पण त्याच्या घरात लग्नाचं कुणी नाही, हे आठवलं. फोन केला तर त्याचाच फोन हॅक झालेला.

सासूबाईंच्या पैशांचं पुढे काय झालं?

धागा काढणारी

6,200 तेवढे गोठले, बाकीचे गेले. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरची तक्रार घेऊन पोलिसांकडे जाऊन आलो. जुनं खातं बंद करून नवीन उघडलं, पेन्शन तिकडे वळवायचा अर्ज द्यायला परवा त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. रांगेत त्यांनी शेजारच्या बाईंना सगळं सांगितलं, अगदी रकमेसकट. ऐकता ऐकता त्या बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मलाही असाच फोन आलाय सकाळी. दुपारी परत करतो म्हणालाय." सासूबाईंनी त्यांच्या पासबुकाच्या पाठीवर 1930 लिहून दिलं आणि दुपारचा फोन येईपर्यंत त्यांच्याजवळच बसून राहिल्या.