जावा ८ वरून २१ वर: व्हर्च्युअल थ्रेड लावले आणि कनेक्शन पूल आटला (शिवाय एक करिअरचा प्रश्न)

नमस्कार मंडळी,

दोन प्रश्न आहेत. एकमेकांत गुंतलेत म्हणून एकत्रच विचारतोय.

आमचं ॲप्लिकेशन जावा ८ आणि स्प्रिंग बूट (जावाचं वेब फ्रेमवर्क) २.७ वर आहे. २.७ चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला, त्यामुळे सिक्युरिटीवाल्यांनी तगादा लावलाय. वेगळ्या ब्रँचवर जावा २१ आणि बूट ३.५ चढवलं. पॅकेजच्या नावांतलं जावाएक्सचं जकार्ता करणं कंटाळवाणं, पण ओपनरीराइटने (कोड आपोआप बदलणारं टूल) बरंचसं उरकलं. (सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका, जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.क्रिप्टो जेडीकेचे (खुद्द जावाच्या किटचे) आहेत, ते तसेच राहतात.)

मग व्हर्च्युअल थ्रेड (जावाचे हलके थ्रेड, हजारोंनी चालतात) ऑन करून लोड टेस्ट लावली, तर लॉगमध्ये हेच: ‘हिकारीपूल-१ - कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३००००एमएस’. तोच लोड, तोच पूल (डेटाबेसची कनेक्शन तयार ठेवणारी हिकारी लायब्ररी, डीफॉल्ट १०), जुन्या बिल्डवर हे दिसत नाही. ऑर्डर सेव्ह करणारी मेथड @ट्रान्झॅक्शनल आहे, म्हणजे आतलं सगळं एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये: इन्सर्ट, मग बाहेरच्या सर्व्हिसला रेस्ट कॉल (साधारण एक सेकंद), मग अपडेट. सहकारी म्हणतो पूल १०० कर. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) ऐकूनच भडकला.

दुसरं म्हणजे, मॅनेजरने पर्याय दिलाय: हे अपग्रेड लीड कर, नाहीतर काफ्कावर (मेसेज पोचवणारी यंत्रणा) नवीन सर्व्हिसेस बांधणाऱ्या टीममध्ये जा. अपग्रेड घेतलं तर ‘मेंटेनन्सवाला’ असा शिक्का बसेल का?

प्रतिसाद १

डीबीए बरोबर आहे. गणित मांडून बघा. जुन्या बिल्डमध्ये टॉमकॅटचे (बूटमधला वेब सर्व्हर) थ्रेड २०० (डीफॉल्ट), कनेक्शन १०, आणि प्रत्येक जण कनेक्शन सेकंदभर धरून बसतो. म्हणजे रांगेतल्या शेवटच्याचाही नंबर २० सेकंदांत लागतो, ३० च्या आत. बाकीच्या रिक्वेस्ट टॉमकॅटच्या दारातच थांबतात, तिथे हिकारीचं घड्याळ चालत नाही. व्हर्च्युअल थ्रेडने ते दार काढून टाकलं. आता हजार जण थेट पूलपाशी येतात आणि शेवटच्याला १०० सेकंद लागतात. दुखणं जुनंच आहे, २०० च्या मर्यादेने झाकलं गेलं होतं इतकंच.

रेस्ट कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा: ऑर्डर ‘प्रलंबित’ म्हणून सेव्ह, कमिट, मग कॉल, मग दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट. कॉल फसला तर प्रलंबित ऑर्डरींचं काय करायचं, हे आधी बिझनेसवाल्यांना विचारा. कोडपेक्षा त्यालाच जास्त वेळ जातो.

आणि हो, त्याच क्लासमध्ये नवीन मेथड काढून तिच्यावर @ट्रान्झॅक्शनल लावलंत तर उपयोग शून्य. आतल्या आत केलेला कॉल प्रॉक्सीतून (ट्रान्झॅक्शन सुरू करणारं स्प्रिंगचं आवरण) जातच नाही. वेगळं बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) करा किंवा ट्रान्झॅक्शनटेम्प्लेट (कोडमधूनच ट्रान्झॅक्शन चालवायची सोय) वापरा.

प्रतिसाद २

वरच्यात एक भर. ओपन-इन-व्ह्यू (रिक्वेस्ट संपेपर्यंत डेटाबेसचं सेशन उघडं ठेवणारी सेटिंग) बंद केलंय का? बूटमध्ये ते डीफॉल्ट चालू असतं. तसंच ठेवलंत तर कमिट झाल्यावरही सेशन रिक्वेस्ट संपेपर्यंत कनेक्शन सोडत नाही, मग मेथडचे कितीही तुकडे करा.

जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये अडकलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही अडवून ठेवतो. जावा २४ मध्ये हे बहुतांशी सुटलं. जुन्या लायब्ररी बऱ्याच असतील तर सरळ २५ चा विचार करा, तीही एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) आहे.

प्रतिसाद ३

करिअरबद्दल माझं मत जरा वेगळं. अपग्रेड घ्या, पण प्रॉडक्शन रोलआउट तुमच्या हातात असेल तरच. ब्रँच तुम्ही करणार आणि रिलीज दुसरा कोणी, असं असेल तर काफ्कावाल्या टीममध्ये जा. इंटरव्ह्यूमध्ये ‘व्हर्जन वाढवलं’ याला कोणी विचारत नाही. वरच्या २०० आणि १० चा हिशेब थ्रेड डंप (कुठला थ्रेड कुठे अडकलाय याची नोंद) समोर ठेवून सांगता आला, तर मात्र समोरचा सरसावून बसतो. आणि हे दुखणं काफ्काच्या कन्झ्युमरमध्येही (मेसेज वाचणारा भाग) भेटणारच आहे. तिथे लॅग (न वाचलेल्या मेसेजची साचत जाणारी रांग) म्हणून दिसेल.

धागाकर्ता

आभार सगळ्यांचे! ओपन-इन-व्ह्यू चालूच निघालं. बंद करून कॉल बाहेर काढला, तर टाइमआउट गेले, पण रिपोर्टच्या स्क्रीनवर लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन (सेशन बंद झाल्यावर न आणलेला डेटा मागितल्याची एरर) आलंय. एंटिटी (डेटाबेसच्या टेबलशी जोडलेला ऑब्जेक्ट) थेट जेसनमध्ये जाते तिथे. जॉइन फेच (संबंधित डेटा त्याच क्वेरीत आणणं) लावला तर पेजिंग मेमरीत होत असल्याची वॉर्निंग येते. डीटीओ प्रोजेक्शन (हवे तेवढेच कॉलम साध्या ऑब्जेक्टमध्ये आणणं) करावं की एंटिटीग्राफवर (एंटिटीसोबत काय काय आणायचं त्याची यादी) भागेल? रोलआउट कोणाकडे राहणार, ते मॅनेजरला मेलवर विचारलंय.

प्रतिसाद २

रिपोर्ट आहे ना? मग डीटीओच. एंटिटीग्राफमध्येही कलेक्शन असेल तर पेजिंगची तीच बोंब.