पत्र दोन आठवडे बेपत्ता, पोस्टात दाद लागत नाही - मदत हवी आहे

घाईत_आहे:
पत्राला दोन आठवडे झाले. ट्रॅकिंगवर नुसतं 'माहिती उपलब्ध नाही'. पोस्टात दोनदा जाऊन आलो. खिडकीवरचे गृहस्थ मान वर न करता म्हणतात, "आलं की मिळेल." सोमवारी कागद लागणार आहेत. तक्रार नक्की कुणाकडे करायची? कृपया लवकर सांगा.

खिडकीपाशी:
पत्र तुम्ही पाठवलंय की तुम्हाला येणार आहे? साधं की रजिस्टर्ड? टाकलं कधी?

घाईत_आहे:
मला येणार आहे हो, उघड आहे ना. रजिस्टर्ड. मावशीने पाठवलंय. नंबर: (संपादकांनी झाकला)

संपादक:
नंबर जाहीर धाग्यात टाकू नका. हवा असेल त्याला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

स्कॅनवाला:
आजच्या काळात कागद पोस्टाने कोण मागवतं? स्कॅन करून मेल करायला सांगा. पाच मिनिटांचं काम.

घाईत_आहे:
मूळ प्रत लागते. नाहीतर इथे कशाला आलो असतो?

नाना_निवृत्त:
खिडकीवर जाऊच नका. सकाळी टपाल लावत असतात तेव्हा जा आणि तुमच्या बीटचा, म्हणजे तुमच्या भागात टपाल वाटणारा, पोस्टमन गाठा. आमचं हरवलेलं पाकीट त्याच्याच पिशवीच्या तळाशी निघालं होतं.

पोच_द्या:
नाना, ओळखीपाळखीने किती दिवस चालणार? लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का घ्या. तोंडी बोललेलं सगळं वाऱ्यावर जातं.

नाना_निवृत्त:
अर्ज द्या की, कोण नको म्हणतंय. उत्तर येईपर्यंत सोमवार उलटून जाईल एवढंच.

पोच_द्या:
म्हणूनच यंत्रणा सुधारत नाही.

आकडेमोड:
भांडण चालू द्या. धागाकर्ते, नंबर व्यनित पाहिला. तो चुकीचा आहे.
असे १३ चिन्हांचे नंबर जागतिक टपाल संघाच्या (स्थापना १८७४, मुख्यालय बर्न) नमुन्याप्रमाणे असतात. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटची दोन अक्षरं देशाची. नववा आकडा तपासणीचा. पहिल्या आठांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, बाकी ११ मधून वजा करायची (१० आले तर ०, ११ आले तर ५). तुमचा आकडा जुळत नाही. पावतीवरून टाइप केलात का?

घाईत_आहे:
पावती मावशीकडे. तिने वहीत नंबर लिहून फोटो पाठवला.

खिडकीपाशी:
हे आधी सांगायचं हो!! मावशी आकडे मराठीत काढतात का?

घाईत_आहे:
इंग्रजीतच काढते. फक्त एक... थांबा.

घाईत_आहे:
एक मात्र मराठीच काढते, शाळेपासूनची सवय. मी तो इंग्रजी नऊ वाचला. बदलून टाकला तर लगेच माहिती आली: पत्र परवापासून आमच्याच पोस्टात आहे, शेरा 'पत्त्यावर व्यक्ती आढळली नाही'. पण मी तर घरीच होतो!

आकडेमोड:
तुमचा घर क्रमांक काय? आकडा नको, त्यात एक आहे का तेवढंच सांगा.

घाईत_आहे:
एवढंच आहे. नुसता एक.

खिडकीपाशी:
म्हणजे पोस्टमन नऊ नंबरचं दार वाजवून परत गेला. शेरा पडलाय, पत्र मावशीकडे परत निघायच्या आत गाठा. ओळखपत्र न्या, खरा नंबर न्या. मावशींनाही त्यांच्या पोस्टात पत्ता दुरुस्तीचा अर्ज द्यायला सांगा, पाठवणाऱ्याचं म्हणणं जास्त ऐकतात.

पोच_द्या:
अर्ज. मी तेच म्हणत होतो.

तिकीटप्रेमी:
पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका. कागदासकट कापून साध्या पाण्यात ठेवा, सुटून येतं. स्वतः चिकटणारी तिकिटं मात्र बऱ्याचदा पाण्याला दाद देत नाहीत.

घाईत_आहे:
मिळालं! सकाळीच गेलो. पोस्टमन टपाल लावतच होते. पाकीट पुढे धरून म्हणाले, "तुम्हीच वाचा, हा काय आकडा आहे?" मीही नऊच वाचला. मावशीला फोन केला तर म्हणते, "एकाला नऊ म्हणणारे तुम्हीच."

नाना_निवृत्त:
सकाळी. टपाल लावताना. नोंद घ्यावी.

तिकीटप्रेमी:
तिकीट कुठलं होतं?

घाईत_आहे:
तिकीट नव्हतं. स्टिकर होता.