नामशेष पक्ष्यांच्या फिगर: पुन्हा डोडोच?

पिसारा:
काल 'शाडूवाला' यांनी लिहिलं की नामशेष पक्ष्यांचा सहा फिगरचा (छोट्या मूर्तींचा) संच करायचा तर डोडो, मोआ, हत्तीपक्षी असे धिप्पाडच घ्यावेत, "करड्या चिमण्या कपाटात कोण ठेवणार?" दोन ओळींत उत्तर देणार होते, पण राग मावेना.

न्यूझीलंडचा हुइया पक्षी बघा. नराची चोच आखूड, दणकट, मादीची लांब आणि बाकदार. एकाच जातीत चोचींचा एवढा फरक फार विरळा. काळ्या शेपटीला पांढरी किनार, आणि त्या पिसांनीच घात केला. १९०१ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क न्यूझीलंडला गेला तेव्हा त्याच्या टोपीत हुइयाचं पीस खोचलं, मग ते प्रत्येकाला हवंसं झालं. १९०७ नंतर खात्रीची नोंद नाही. नर-मादी शेजारी ठेवा, वेगळं काही सांगावं लागणार नाही.

शिवाय हुइया, उत्तर अमेरिकेतलं प्रवासी कबूतर, ग्रेट ऑक हा समुद्रपक्षी यांचे पिसांसकट नमुने संग्रहालयांत आहेत. रंग बघून लावता येतो. डोडोचं काय उरलंय? ऑक्सफर्डचं डोकं आणि पाय, बाकी हाडं आणि चित्रं.

शाडूवाला:
शब्द मागे घेत नाही. साचे मी करतो, तुम्ही नाही. संच म्हणजे सगळ्यांना एकच प्रमाण. १:१२, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याएवढं, धरलं तर मोआची मोठी मादी मान उंचावून ३० सेंमी होते, तुमचा हुइया जेमतेम ४. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरचा रेन हा चिमुकला पक्षी तर सेंमीभरही भरत नाही. त्याची चोच कोरणार कशी?

आणि प्रवासी कबूतर मी करून बसलोय. दोन वर्षांपूर्वी चाळीस नग ओतले. साच्यातून काढताना लांब शेपट्या तुटल्या. जे वाचले त्यातले निम्मे अजून खोक्यात आहेत. लोक उचलून बघायचे, "कबूतरच ना?" म्हणायचे आणि खाली ठेवायचे. डोडो मात्र महिन्यात संपले.

करकोचा:
डोडो करा, पण तो लठ्ठ गोळा नको! जहांगीरच्या दरबारातल्या मन्सूरचं म्हणून ओळखलं जाणारं साधारण १६२५चं चित्र बघा. तपकिरी पक्षी, युरोपातल्या चित्रांइतका फुगलेला नाही. ज्यानं जिवंत डोडो पाहिला असण्याची बरीच शक्यता आहे, त्याचं चित्र बाजूला ठेवून सगळे तोच ढेरपोट्या डोडो ओततात.

शाडूवाला:
डोडो वर्षभर एकसारखाच दिसायचा हे कोणी सांगितलं? २०१७ मध्ये हाडांचे काप तपासून निष्कर्ष आला की तो दरवर्षी पिसं टाकायचा. मग हंगामाप्रमाणे रूप बदलणारच. तुमचा सडपातळ खरा आणि माझा खोटा कशावरून?

करकोचा:
पिसं झडण्याचा आणि ढेरीचा काय संबंध? शाळेत मी डोडोवर भाषण केलं होतं. "आळशी, मठ्ठ, म्हणून संपला" असं पाठ करून म्हटलं, टाळ्या मिळाल्या. पुढे वाचलं तेव्हा कळलं की मॉरिशसवर त्याला शत्रूच नव्हता. तो जमिनीवर अंडं घालायचा आणि जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं उतरली. तुमच्या साच्यातून तोच मठ्ठपणाचा ठपका ओतला जातो. मला हे सहन होत नाही.

शाडूवाला:
म्हणजे मी डोडोची बदनामी करतोय? लोकांच्या डोळ्यापुढे जो आहे तो मी करतो.

रानवाट:
दोघंही जरा थांबा. निदान डोडो होता तरी. मी एका विक्रेत्याकडून "रियुनियनचा पांढरा डोडो" घेतला होता, चांगले पैसे मोजून. मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटावर डोडो कधी नव्हताच, जुन्या वर्णनांतला तो पक्षी आयबिस (शराटी) निघाला. कळवलं तर उत्तर आलं, "दिसायला छान आहे ना?"

संचासाठी काल सुचवलेल्या यादीत गुलाबी डोक्याचं बदकही होतं. ते अजून अधिकृतपणे नामशेष नाही. वनपिंगळा ११३ वर्षं दिसला नव्हता, १९९७ मध्ये सापडला. नामशेष समजला गेलेला न्यूझीलंडचा ताकाहे पक्षी १९४८ मध्ये पुन्हा सापडला. खोक्यावर 'नामशेष' छापण्याआधी विचार करा.

पिसारा:
ढेरीवर चार उत्तरं, हुइयावर फक्त मापाची एक ओळ. ग्रेट ऑकचं कोणी नावही काढलं नाही. शेवटची जोडी १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर मारली, कारण कोणाला तरी संग्रहासाठी नमुने हवे होते. आपण सगळे संग्राहक आहोत, म्हणून तो संचात हवाच. विकला जातो का, हा प्रश्न त्याला लावू नका.

शाडूवाला:
ऑक मान्य. उभा पक्षी, जाड पाय, काळा-पांढरा, साच्याला सोपा. (तुमच्या कारणासाठी नाही. बरं, थोडं त्यासाठीही.) हुइयासाठी प्रमाण सोडावं लागेल, ते मला पटत नाही, तरी जोडी एका फांदीवर मोठ्या मापात करून बघतो. डोडो राहणार.

करकोचा:
कसा?

शाडूवाला:
हाडांच्या मापानं. आधी मातीचा नमुना टाकतो, मग काय बोलायचं ते बोला.

करकोचा:
बोलेनच.

पिसारा:
प्रवासी कबूतर सोडू नका. शेपटी वेगळी ओता, आत बारीक तार घाला, तुटणार नाही. नराची छाती तांबूस आणि डोळा लाल हवा, मग "कबूतरच ना?" कोणी म्हणणार नाही. खोक्यातले उरलेले मला पाठवा, तुटक्या शेपटीचेसुद्धा. मी रंगवते.