थंडीत लॉन पार वाळलंय, उपटून नवीन टाकायचं का? (नाशिक)

अंगणवाली

नमस्कार मंडळी, पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे, पुढे ४०० स्क्वेअर फुटाच्या आसपास जागा. तिथे मागच्या जूनमध्ये लॉन करून घेतलं, माळीदादा म्हणाले सिलेक्शन वन आहे, म्हणजे हरळीच पण बारीक पानाची. दिवाळीपर्यंत इतकं छान होतं की सासरे रोज सकाळी तासभर अनवाणी त्यावर चालायचे, संध्याकाळी पण तिथेच खुर्ची टाकून बसायचे. डिसेंबर लागला तशी आधी पात्यांची टोकं तांबूस झाली आणि बघता बघता अख्खं लॉन वाळक्या चाऱ्यासारखं झालं, आता जानेवारीचा दुसरा आठवडा आहे आणि हिरवं म्हणाल तर घराच्या भिंतीलगत जिथे दिवसभर ऊन असतं तिथे फक्त वीतभर पट्टा उरलाय.

मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी देतेय, दोनदा युरिया पण टाकला, फरक शून्य. उलट एका कोपऱ्यात पाणी साचून कुबट वास यायला लागलाय. माळीदादा म्हणतात मेलंय, उपटून नवीन टाकू. आणि माझा भाऊ अमेरिकेत डेन्व्हरला असतो, तो म्हणतोय की इकडे बर्फ पडतो तरी लॉन टिकतं, मार्चमध्ये येताना केंटकी ब्लूग्रासचं बी घेऊन येतो. काय करू? सासरे रोज खिडकीतून बघतात आणि काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं मनाला.

मखमलाबादचा माळी

ताई, आधी पाणी थांबवा आणि काहीही उपटू नका.

हरळी हे उन्हाळी गवत आहे, तिला २७ ते ३५ डिग्री मानवतं. रात्रीचा पारा १०-१२ च्या खाली जायला लागला की ती वाढ थांबवते, पात्यातला हिरवा रंग जातो आणि जीव खाली धावत्या खोडात आणि मुळात राहतो. आपल्याकडे थंडी कोरडी असते, दुपारी २८ आणि पहाटे ९, त्यामुळे वरचं पातं लवकर कडक होऊन वाळतं. पण वाळणं वेगळं आणि मरणं वेगळं. तुमच्या भिंतीलगतचा पट्टा बघा ना, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब जमिनीला देते म्हणून तिथलं गवत अजून जागं आहे, गवत तेच, माती तीच.

खात्री करायची असेल तर चार-पाच ठिकाणी मूठभर गवत धरून ओढा. सहज हातात आलं, मुळं काळी आणि लिबलिबीत, तर तिथलं गेलं. घट्ट धरून ठेवलं तर नखाने खोड सोला, आत पांढरट हिरवं दिसलं की जिवंत. त्याहून पक्कं हवं तर खुरप्याने मुळासकट एक तुकडा काढून कुंडीत लावा, गच्चीवर दिवसभर ऊन येतं तिथे ठेवा, रात्री घरात घ्या, दोन आठवड्यात कोंब फुटले तर समजा.

आता पाण्याचं. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते, झोपलेलं गवत पाणी ओढत नाही, मग रोज दोनदा दिलेलं पाणी जाणार कुठे? मुळं गुदमरतात आणि बुरशी येते, तुमच्या कोपऱ्यातला वास त्याचाच आहे. जमिनीत बोटभर खोल उकरून बघा, तिथे माती कोरडी लागली तरच पाणी, म्हणजे थंडीत साधारण ६-८ दिवसांनी एकदा. युरिया तर आता अजिबात नको, गवत तो घेत नाही आणि ओल्या मातीतून तो खाली निघून जातो.

द्राक्षवाला निफाड

वरच्या दादांनी बरोबर सांगितलं, मी फक्त पाणी कधी द्यायचं तेवढं सांगतो कारण थंडीशी आमचं रोजचं भांडण आहे. आमच्या भागात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ वर आला अशी बातमी जवळजवळ दर हिवाळ्यात असते, कधी कधी पानावरचं दंव पण गोठतं. तेव्हा आम्ही बागेत पहाटे शेकोट्या करतो आणि विहिरीचं पाणी ड्रिपने सोडतो, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते, नाहीतर फुगत असलेल्या द्राक्षमण्यांना तडे जातात आणि वर्षभराची मेहनत जाते.

पण हे फळासाठी ताई. लॉनला पहाटे उठून पाणी द्यायची गरज नाही, गच्चीवरच्या टाकीचं पाणी तर पहाटे बर्फासारखं असतं. दहा-अकरा वाजता ऊन वर आलं की द्या म्हणजे रात्रीपर्यंत पातं कोरडं होतं. आणि फार कडाक्याच्या दिवशी सकाळी गवतावर पांढरं दिसलं तर ऊन येईपर्यंत कुणाला चालू देऊ नका, गोठलेलं पातं पायाखाली तुटतं आणि पावलांचे काळपट ठसे महिनाभर जात नाहीत. सासऱ्यांना नऊनंतर चालायला सांगा, वाळक्या गवतावर अनवाणी चालायला काही हरकत नाही.

डेन्व्हरचा नाशिककर

मी सिडकोत वाढलो, आता १४ वर्षं इकडे आहे, म्हणून बियाणाबद्दल लिहितो. तुमचा भाऊ खोटं सांगत नाहीये, इकडे घराघरात ब्लूग्रास आणि टॉल फेस्क्यूच असतं. पण त्या गवताला १५ ते २४ डिग्री आवडतं, तिशीच्या वर ते थकतं, नाशिकच्या एप्रिल-मे मध्ये ३८-४० ला तग धरणं फार अवघड. आणि मार्चमध्ये पेरायचं म्हणजे तर सरळ भट्टीत टाकणं झालं. शिवाय बी परस्पर बॅगेत टाकून आणता येत नाही, भारताचा २००३ चा प्लांट क्वारंटाईन ऑर्डर आहे, परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, एअरपोर्टवर काढून घेतील.

आणि इकडचं लॉन आपोआप टिकतं असंही नाही. डेन्व्हरला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून ३५०-४०० मिलिमीटरच पाणी पडतं, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. ऑक्टोबरमध्ये स्प्रिंकलरच्या पाईपमध्ये कॉम्प्रेसरने हवा मारून सगळं पाणी बाहेर काढावं लागतं, थेंब राहिला तर गोठून पाईप फुटतो. मग हिवाळ्यात तीन-चार आठवडे बर्फ पडला नाही तर नळी ओढत नेऊन दुपारी पाणी द्यायचं, तेही तापमान ४-५ च्या वर असेल त्याच दिवशी, कारण इथलं गवत थंडीने कमी आणि सुकून जास्त मरतं. सप्टेंबरमध्ये जमिनीला भोकं पाडून बी आणि खत, तोच इथला मुख्य मोसम. इतकं करून जानेवारीत माझंही लॉन पिवळटच आहे, भावाला आजचा फोटो पाठवायला सांगा!

इथे आता खूप जण ते काढून बफेलो ग्रास लावतात, इथल्याच माळरानाचं गवत, पाणी फार कमी लागतं, पण ऑक्टोबरपासून मे पर्यंत तपकिरी असतं आणि लोकांनी ते मान्य केलंय. आपल्या हरळीचं तसंच आहे.

अंगणवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सहा ठिकाणी ओढून बघितलं, पाच ठिकाणी घट्ट आहे आणि खोड सोललं तर आत खरंच पांढरट हिरवं निघालं, सासऱ्यांना बोलावून दाखवलं. फक्त तो ओला कोपरा गेलाय, मुळं काळी. पाणी बंद केलंय. एक विचारू का, राय ग्रास म्हणून असतं ते वरून टाकलं तर थंडीपुरतं हिरवं होतं असं वाचलं, ते करू का?

मखमलाबादचा माळी

राय होतं, दिल्लीकडे गोल्फ कोर्सवर करतात, पण ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरायचं. आता टाकलं तर फेब्रुवारीत ते भरात येईल आणि नेमकी तेव्हाच तुमची हरळी उठायला बघत असेल, तिला ऊन मिळणार नाही. या वर्षी सोडा.

फेब्रुवारीच्या शेवटी पहाटेची थंडी मोडली की लॉन एकदा बुटकं कापा (एरवी एकावेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापायचा, पण ही वर्षातली एकच वेळ वेगळी), लोखंडी दाताळ्याने सगळा वाळका थर ओढून काढा, मग पोयटा माती आणि चाळलेलं जुनं शेणखत निम्मं निम्मं करून अर्धा इंच पसरा. माती कुठून आणताय ते बघून घ्या, लव्हाळ्याच्या गाठी मातीबरोबरच येतात आणि एकदा आल्या की वर्षानुवर्षं खुरपत बसावं लागतं. आठवड्याने युरिया, स्क्वेअर मीटरला १० ग्रॅम म्हणजे तुमच्या जागेला ३७० ग्रॅमच्या आसपास, गवत कोरडं असताना फेकायचा आणि लगेच भरपूर पाणी.

ओल्या कोपऱ्यात वीतभर खणून माती काढा, खाली मुरूम घाला, उतार गेटकडे द्या आणि भिंतीलगतच्या हिरव्या पट्ट्यातले तुकडे तिथे मार्चमध्ये लावा. नवीन लॉन विकत घ्यायची गरज नाही.